निळ्या बिर्याणीचा रविवार

संध्याने टोपाचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि झाकण परत ठेवलं.

"श्रद्धा," ती हळूच म्हणाली, "जरा दार लोटून घे गं."

श्रद्धाने किचनचं दार लोटलं. बाहेर हॉलमध्ये चर्चच्या मंडळीतली माणसं दाटीवाटीने बसली होती आणि तिसरं गीत चालू होतं. बदलापूरच्या शिरगावातल्या श्रद्धाच्या या नव्या फ्लॅटची आज उपकारस्तुतीची प्रार्थना होती. गीत, मग पाळकसाहेबांचा संदेश, मग जेवण, असा बेत होता. जेवण म्हणजे नरेंद्रदादांची मटण बिर्याणी. दादा म्हणजे संध्याचे यजमान आणि श्रद्धाचे मोठे दीर. पहाटेपासून अंबरनाथच्या घरी खपून त्यांनी ती केली होती आणि टेम्पोत टोपाला मिठी मारून बदलापूरपर्यंत आणली होती. दादा आणि श्रद्धाचा नवरा विनीत, या दोन भावांचं येणंजाणं बंद झाल्यापासून दादा पहिल्यांदाच या घरात येत होते. त्यामुळे ती नुसती बिर्याणी नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय झालं ताई? करपली का?"

संध्याने झाकण पुन्हा उचललं. बिर्याणी निळी होती. मुलांच्या रंगपेटीत असतो तसला पक्का, चमकदार निळा रंग. भात निळा, मटण निळं, वरून पेरलेला तळलेला कांदासुद्धा निळा.

श्रद्धाची नजर ओट्यावर गेली. ती घरी केक करून विकायची. सोमवारी एका बारशाचा केक द्यायचा होता, म्हणून उल्हासनगरच्या मार्केटमधून तिने खायचा निळा रंग आणला होता. "भाभी, दो बूंद में पूरा केक हो जाएगा," सिंधी दुकानदाराने बजावून सांगितलं होतं. ती बाटली आता सिंकमध्ये आडवी पडली होती. रिकामी. शेजारी नरेंद्रदादांनी आणलेली केवड्याची बाटली तशीच भरलेली उभी होती. वाढायच्या आधी केवडा शिंपडायचा, असं ते आल्या आल्या सगळ्यांना सांगून बसले होते.

"खायचाच रंग आहे," श्रद्धा म्हणाली. "कुणाला बाधणार नाही."

"बाधणार नाही गं. पण ह्यांना कसं सांगायचं?"

तेवढ्यात दार ढकलून राजसी आत आली. श्रद्धा आणि विनीतची मुलगी, तिसरीत शिकणारी, ताज्या दोन वेण्यांची. तिने टाचा उंचावून टोपात बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मी केलं. सॉरी."

श्रद्धाने डोळे मिटून घेतले.

हे अलीकडे फार वाढलं होतं. चर्चने पालकांसाठी शिबिर घेतलं होतं, तिथून विनीत एक नियम घेऊन आला होता. मुलाने स्वतःहून चूक कबूल केली, तर आवाज चढवायचा नाही. देव आपल्याला माफ करतो, तसं आपण लेकराला करायचं. जमिनीवर बसायचं, मुलाच्या डोळ्यांत बघायचं, जवळ घ्यायचं. नियम चांगलाच होता. पण तेव्हापासून राजसी कबुल्याच देत सुटली होती. सांडलेलं दूध मी सांडलं. लिफ्ट बंद पडली, ती मी पाडली. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी हरवली, ती मी घेतली. मग ती त्यांच्याच गॅसखाली सापडली. बारवी धरणाच्या पाइपलाइनचं काम निघून बदलापुरात पाणी आलं नाही, तेव्हाही ती बादलीपाशी येऊन म्हणाली होती, "मी केलं." आणि विनीत दर वेळी जमिनीवर बसला होता.

आत्ताही तो आला, टोपात बघितलं, त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला आणि तो खाली बसला.

"बाळा, तू खरं बोललीस, मला आवडलं," तो म्हणाला. "पप्पांनी तुला माफ केलं."

"काय माफ केलं?" दारातून नरेंद्रचा आवाज आला.

*

नरेंद्रने टोपात पाहिलं. पाहतच राहिला. पहाटे त्याने एकेक तुकडा दह्यात घोळवला होता. वाटेत खड्डा आला की टोप पोटाशी धरला होता. विनीत आपल्या ताटातला पहिला घास घेईल, तेव्हा आपण काय बोलायचं याची त्याने टेम्पोत तालीमही केली होती.

त्याचा उजवा हात वर गेला.

सगळे त्या हाताकडे बघत होते आणि सगळ्यांना तोच नाताळ आठवत होता. चर्चमधलं नाटक, गब्रिएल दूत झालेला त्याचा मुलगा आकाश. सतरा वर्षांचा पोरगा, पाठीला कापसाचे पंख. मरियेला संदेश द्यायच्या ऐन क्षणी त्याच्या झग्यातला मोबाइल वाजला होता, त्यावर कसलंसं धांगडधिंग्याचं गाणं होतं, आणि सगळं चर्च हसलं होतं. नरेंद्र पहिल्या बाकावरून उठला होता, स्टेजवर चढला होता आणि पोराच्या कानाखाली वाजवली होती. पंख तुटून कापूस उडाला होता. मागच्या बाकावरून विनीत सगळ्यांच्या देखत ओरडला होता, "दादा, तू बाप व्हायच्या लायकीचा नाहीस!" आता आकाश पुण्याला नोकरीला होता. आईचा फोन घ्यायचा. बापाचा घ्यायचा नाही.

वर गेलेल्या हाताचं काहीतरी करायला हवं होतं. नरेंद्रने तो तसाच पुढे नेऊन भिंतीवरच्या बटणाने पंखा बंद केला. मग चालू केला.

"गरम होतंय," तो म्हणाला.

"दादा, राजसीने कबूल केलंय," विनीत खालूनच म्हणाला. "आपण तिला माफ करायचंय."

"केलं माफ."

"मनापासून म्हण ना."

"मनापासूनच म्हटलं."

"आवाजात राग आहे तुझ्या."

"माझा आवाजच असा आहे!" नरेंद्र इतक्या जोरात ओरडला की बाहेरचं गीत चौथ्या ओळीवर थांबलं.

पाळकसाहेब लगबगीने आत आले. त्यांच्या मागोमाग महिला मंडळाच्या सेक्रेटरी पगारेबाई आल्या, कारण किचनमध्ये काय झालंय हे त्यांना कळल्याशिवाय मंडळात काहीच झालेलं नसतं. टोप बघून पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मुलीने कबुली दिली आहे," विनीतने सांगितलं.

"मग प्रश्नच मिटला," पाळकसाहेब म्हणाले, पण भुकेल्या नजरेने त्यांनी एकदा टोपाकडे पाहिलं. "आजच्या संदेशाचा विषयही तोच. आपण कुणाचा न्याय करायचा नाही. मी या मुलीला क्षमा केली."

"मी सगळ्यात आधी केली होती," विनीत म्हणाला.

"मी तर झाकण उघडायच्या आधीच केली होती," पगारेबाई म्हणाल्या. "मी कुणाबद्दल मनात काही ठेवतच नाही. विचारा कुणालाही. त्या साळवेबाई माझ्याबद्दल काय काय बोलल्या, मी ठेवलं का मनात?"

"बिर्याणी माझी आहे," नरेंद्र म्हणाला. "माफ करायचा पहिला हक्क माझा. तुमचं काय गेलंय?"

"क्षमेत हक्क नसतो, नरेंद्र," पाळकसाहेब म्हणाले.

"मग बिर्याणी कुणी करायची असते साहेब?"

संध्याने कपाळाला हात लावला. "अहो, थांबा जरा. ही कशी करेल? मघाशी ती माझ्यापुढे बसली होती बेडरूममध्ये. मी हिच्या वेण्या घालत होते. तिचं तोंड किचनकडे, माझं तिच्या केसांत. जागची उठलीच नाही."

सगळे राजसीकडे वळले. राजसी जमिनीकडे बघू लागली.

"म्हणजे हिने केलंच नाही?" पगारेबाई म्हणाल्या. "मग आपण माफ कशाबद्दल केलं?"

"खोटं बोलल्याबद्दल करू," विनीत घाईने म्हणाला.

"पण ते तर तिने कबूल केलं नाही अजून."

पाळकसाहेब बुचकळ्यात पडले. न केलेल्या गुन्ह्याची क्षमा दिली, तर ती राहते की जाते, यावर धर्मशिक्षणाच्या कॉलेजात त्यांना काही शिकवलेलं नव्हतं. पगारेबाईंचं मत पडलं की दिलेली माफी परत घेता येत नाही, ती खऱ्या गुन्हेगाराच्या नावावर वळती करावी. नरेंद्र म्हणाला, खरा कोण ते आधी सापडू दे, माफीचं मी बघतो. राजसी हळूच सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत किचनबाहेर पडली.

*

आतल्या खोलीत पलंगावर जनाबाई बसल्या होत्या आणि प्रत्येक शब्द ऐकत होत्या.

जनाबाई म्हणजे नरेंद्र-विनीतची आई. नवरा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होता. तो गेल्यावर त्या नरेंद्रकडे राहत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी संडे स्कूल चालवलं होतं आणि पाठांतरात चुकलेल्या पोराला त्यांच्याकडून सुटका मिळाल्याचं कुणी सांगत नसे. अर्ध्या मंडळीचे कान त्यांनी पिरगाळले होते. आज पाळक असलेल्या माणसाचेही.

त्यांना नुसतं उपयोगी पडायचं होतं. सगळे गाण्यात, संध्या पोरीच्या वेण्यांत. नरेंद्रने केवड्याचं सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. ओट्यावर दोन बाटल्या, दोन्ही एकसारख्याच धूसर. एक उचलली, पूर्ण ओतली. वास आला नाही, तेव्हा त्यांनी नाकाला दोष दिला. मग झारा घेऊन सगळं तळापासून नीट वर-खाली केलं, नरेंद्रला आवडतं तसं.

आता सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. समोरच्या माणसाचा चेहरा हल्ली नाकापाशी विरघळतो. चर्चमध्ये गीतांचं पुस्तक नुसतंच धरतो आपण, म्हणतो तोंडपाठ. एकदा हे कळलं की, आई गॅसपाशी जाऊ नका. आई जिना उतरू नका. आई, तुम्ही बसा. त्या बसण्याची त्यांना मरणाहून जास्त भीती वाटत होती.

पलंग हलला. राजसी शेजारी येऊन टेकली होती.

"का गं खोटं बोललीस?" जनाबाईंनी विचारलं. कडक आवाजाची सवय सुटत नव्हती.

"तू ओतलंस ते मी बघितलं," राजसी कुजबुजली. "आजी, तुला दिसत नाही ना? मघाशी तू हँगरवरच्या पप्पांच्या शर्टाला विचारत होतीस, चहा घेतला का म्हणून."

जनाबाईंनी चाचपडत पदर सारखा केला.

"मी केलं म्हटलं की कुणी ओरडत नाही. तू म्हटलं असतंस तर मोठे पप्पा ओरडले असते."

"आणि ती लिफ्ट? ती काय मी पाडली होती?"

राजसीने वेणीचं टोक तोंडात घेतलं. "पप्पा ऑफिसातून येतात आणि मोबाइल बघतात. मी काही केलं की मोबाइल ठेवतात. खाली बसतात. मग पुष्कळ वेळ बसतात." वेणीशी चाळा करत ती म्हणाली, "रोज काय करणार? घरात काही मोडतच नाही."

जनाबाईंना हसू आलं. त्यांनी नातीचं डोकं चाचपडून जवळ ओढलं. मग उठल्या.

"मला हॉलमध्ये ने," त्या म्हणाल्या. "आणि हात सोडू नकोस. तिथे चपलाच चपला असतील."

*

हॉलमध्ये लोकांना काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं, म्हणून पेटीवाल्याने आपणहून चौथं गीत सुरू केलं होतं. जनाबाईंनी हात वर केला. पेटी थांबली. संडे स्कूलची बाई उभी राहिली की या मंडळीत अजूनही सगळे थांबायचे.

"बिर्याणीत रंग मी ओतला," त्या म्हणाल्या. "केवडा समजून. मला दिसत नाही. बरेच दिवस झाले."

किचनमधले सगळे दारात येऊन उभे राहिले. मघाशी माफीसाठी एकमेकांना मागे सारणाऱ्या त्या माणसांत आता कुणीच पुढे सरकेना. पगारेबाई म्हणाल्या, "अहो, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन आजकाल किती सोपं असतं! वेळेवर सांगायला नको?" पाळकसाहेबांनी नकळत आपला कान चोळला.

"बरेच दिवस?" नरेंद्र म्हणाला. "माझ्या घरात राहून? रोज विचारतो मी, आई काही हवं का! तू मला एका शब्दाने..."

"रोज विचारतोस आणि तुला दिसलं नाही?" विनीत उसळला. "एका छपराखाली राहून?"

"बघ, बसला हा न्याय करायला! महिन्यातून एकदा फोन करणारा तू. दोन मिनिटं!"

"मी निदान ओरडत नाही फोनवर!"

"मी ओरडतच नाहीये!"

"गप्प!" जनाबाई म्हणाल्या. दोन्ही मुलगे गप्प झाले. मागच्या रांगेतले दोन पन्नाशीचे गृहस्थही सावरून बसले.

"पोरीने न केलेलं कबूल केलं, तर सगळे धावत आलात," त्या म्हणाल्या. "मी केलेलं कबूल करतेय. मला कुणी माफ करणार आहे, की संपली तुमची?"

खिडकीखाली टँकरवाला हॉर्न वाजवत होता.

"विनीत," आवाजाच्या अंदाजाने त्या वळल्या आणि पाळकसाहेबांकडे बघत बोलू लागल्या, "तू चांगला बाप आहेस. पण तुझी पोर तुझ्याजवळ बसायला मिळावं म्हणून गुन्हे शोधत फिरते. गुन्हा नसतानाही बसत जा तिच्याजवळ."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. विनीत त्यांच्या शेजारीच उभा होता. त्याने राजसीकडे पाहिलं. तिने आजीच्या पदराआड तोंड लपवलं होतं. शिबिरातल्या कुठल्याच सत्रात हे आलं नव्हतं. दादाचा हात हवेत गेला तेव्हा आपण मनात त्याला पुन्हा एकदा नालायक ठरवून टाकलं होतं, आणि तो हात तर पंख्याच्या बटणावर गेला होता. हे त्याला आत्ता, फार उशिरा, दिसलं.

नरेंद्र किचनमध्ये निघून गेला. आतून झारा टोपाला लागल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ताट होतं आणि ताटात निळ्या भाताचा डोंगर. भर हॉलमध्ये, प्रार्थना व्हायच्या आधीच, तो आईच्या पायाशी मांडी घालून बसला आणि त्याने मोठा घास घेतला.

सगळी मंडळी त्याच्या जबड्याकडे बघत होती.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला. त्याचे दात निळे झाले होते. डोळ्यांत पाणी होतं, पण ते मिरचीचं असावं असा चेहरा त्याने केला होता. "आई, तू ढवळलीस चांगली. एक शीत मोडलेलं नाही."

"वास नव्हता रे त्याला," जनाबाई पुटपुटल्या.

"केवडा आता घालतो. भरपूर आहे." त्याने आईचा हात धरून ताटापर्यंत नेला. "उद्या माझी सुट्टी टाकतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. आणि गॅसपाशी तूच उभं राहायचंस. मी बाटल्या लांब ठेवीन."

विनीत त्याच्या शेजारी खाली बसला. "दादा, त्या नाताळात मी सगळ्यांसमोर जे बोललो..."

"जेव आधी."

"नाही, मला म्हणू दे. मी कोण तुझं ठरवणारा? मला माझ्या घरातलं..."

"विन्या, जेव," नरेंद्र म्हणाला आणि आपल्या ताटातला घास त्याच्या तोंडात कोंबला. टेम्पोत तयार केलेलं वाक्य त्याला काही केल्या आठवलं नाही.

मग श्रद्धाने आणि संध्याने ताटं मांडली. पहिल्यांदा फक्त पाळकसाहेबांनी बिर्याणी घेतली, कर्तव्य म्हणून. दुसऱ्यांदा त्यांनी मागून घेतली. पगारेबाईंनी आपण निळं काही खात नाही असं जाहीर केलं आणि किचनच्या दारामागे उभ्या राहून दोनदा खाल्लं. तासाभराने शिरगावातल्या त्या हॉलमध्ये सगळी मंडळी निळ्या ओठांनी, निळ्या जिभांनी सहावं गीत म्हणत होती. खालच्या मजल्यावरून तक्रार करायला आलेला माणूस ते तोंडभर निळं स्तोत्र बघून तसाच माघारी गेला. एका कोपऱ्यात विनीत राजसीला मांडीवर घेऊन बसला होता. काही मोडलं नव्हतं, काही सांडलं नव्हतं. राजसी पुन्हा पुन्हा मान वळवून खात्री करून घेत होती.

*

संध्याने नवऱ्याला गॅलरीत उभं असलेलं पाहिलं आणि ती बाहेर गेली. तिने आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. नंबर लावूनच दिला होता.

"हां मम्मी, बोल," पलीकडून आवाज आला.

नरेंद्रने कठडा घट्ट धरला. "मम्मी नाही. मी आहे."

फोन कधीही बंद होईल म्हणून तो थांबला. झाला नाही.

"त्या दिवशी स्टेजवर माझं चुकलं, आकाश," तो म्हणाला. "सगळं चर्च हसलं ना, तेव्हा मला वाटलं मलाच हसले. तुझ्यापेक्षा मला माझीच पडली होती. तू माफ कर असं मी म्हणत नाही. नको करूस लगेच. मला फक्त सांगायचं होतं."

पलीकडे ताटं आदळल्याचा आवाज आला.

"पप्पा, मी आत्ता मेसमध्ये आहे. ताट समोर आलंय. मी नंतर..."

"नंतर नको," नरेंद्र घाईने म्हणाला. "तू जेव. फोन राहू दे बाजूला. मी थांबतो."

"जेवताना काय बोलणार मी?"

"काही बोलू नकोस. जेव."

फोन टेबलावर ठेवल्याचा ठक्क आवाज आला, वाटी सरकवल्याचा, कुणीतरी "भैया, दाल" म्हणाल्याचा. आणि मग, जवळूनच, पोळी मोडून खाणाऱ्या एका मुलाचा आवाज. नरेंद्रने मोबाइल कानाला घट्ट लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि तो ऐकत उभा राहिला.